पीस, कातरण आणि चेलवे

"थांबा भाऊ, आले!"

एवढं बोलून मास्तर निघून जायचे. तुमच्या छातीभोवती टेप तशीच, एक हात हवेत, आणि तुम्ही दुकानाच्या मधोमध उभे. मापं लिहायची पेन्सिल कानावर खोचून ते पायऱ्या उतरलेलेसुद्धा असायचे. कोपऱ्यातला बांबू त्यांनी कधी उचलला, हे समोर उभ्या माणसाला कळत नसे. मग खिडकीतून बघावं तर मास्तर लेंगा वर खोचून गुडघाभर पाण्यात उभे, आणि त्यांच्या डोक्यावरून एक लांबच लांब दोरा मागे जातो आहे, पुढे येतो आहे.

नवा माणूस पहिल्या वेळी चिडायचा. मीही चिडलो होतो. जंगल खात्याच्या कचेरीत कारकून म्हणून मी वर्ध्याहून सिरोंच्याला आलो, ती पन्नास सालानंतरची सुरुवातीची वर्षं. गावात बरे कपडे शिवणारे हे एकच टेलर, आणि त्यांचं दुकान नेमकं प्राणहितेच्या घाटाच्या तोंडाशी. पहिल्याच दिवशी मी अर्धा तास टेप गळ्यात घालून उभा राहिलो. परत आले तेव्हा लेंग्यातून पाणी गळत होतं आणि चेहरा नवरदेवाचा. माफी वगैरे काही नाही. ओल्या हाताने टेप पकडली आणि म्हणाले, "छत्तीसच होती न भाऊ छाती?"

आता तुम्ही विचाराल, आले म्हणजे कोण आले? साहेब नव्हे, गिऱ्हाईक नव्हे. चेलवे आले. बोटभर लांबीचे, चपटे, चंदेरी मासे. एकटा चेलवा कुणी पाहिला नसेल. ते हिंडतात थव्याने. पावसाळ्यानंतर नदीचं पाणी निवळलं की पाण्यावरचे किडे टिपायला त्यांचे थवे वर येतात. लख्ख ऊन पडलेलं असतं आणि नदीच्या एवढ्याशा तुकड्यावर मात्र पाऊस पडत असल्यासारखं पाणी फुटफुटत असतं. वर सुरय पक्षी घिरट्या घालायला लागतात. मास्तरांचा एक डोळा शिलाईवर आणि एक त्या पक्ष्यांवर असे. इतकं करून टाके कसे सरळ पडत, हे मला कधी कळलं नाही.

चेलवे धरायला ढिवरांकडे, म्हणजे तिथल्या कोळ्यांकडे, जाळी होती. एका फेकीत टोपलं भरेल अशी. पण मास्तरांना जाळ्याचं कौतुक नव्हतं. त्यांची रीत अगदी निराळी, आणि ती त्यांनी एका गोऱ्या जंगलसाहेबाकडून उचलली होती. साहेब इंग्रजांचं राज्य जायच्या आधीचा. मास्तर त्याच्या विजारी शिवत. हा साहेब काठावर उभा राहून बारीक गळाला पीस बांधायचा, ते किड्यासारखं पाण्यावर अलगद टाकायचा आणि मासे फसवायचा. आमिष नाही, गांडूळ नाही, काही नाही. एक दिवस मास्तरांनी तो गळ हातात घेऊन नीट बघितला.

"पाह्यलं तं काय भाऊ," मला सांगताना त्यांचे डोळे तेव्हाही मोठे झाले होते, "पीस ठेवलं, दोरा गुंडाळला, गाठ मारली. म्या म्हटलं, अरे, हे तं आमचंच काम आहे! साहेब काऊन करून राह्यला?"

तिथून जे सुरू झालं ते थांबलं नाही. साहेब विलायतेला गेला, जाताना मूठभर गळ देऊन गेला. ते संपल्यावर मास्तर मोडक्या सुया इस्त्रीच्या कोळशात लाल करून वाकवायला लागले. या गळांना उलटा काटा नसे. दोरा जरा सैल पडला की मासा सुटून जायचा. साहेबाची वेताची काठी कुठून मिळणार? मग बांबूची लवचीक काठी आली. दोरा कोशाचा, आपल्या जंगलातल्या रेशमाचा. हाताशी नऊ पदरी, पुढे सहा पदरी, टोकाला तीन पदरी, आणि त्याला जंगलातलं मेण घासलेलं. सगळ्यांत शेवटी हातभर घोड्याच्या शेपटीचा केस. तहसील कचेरीत एकच घोडा होता. त्याची शेपटी दर वर्षी विरळ होत चालली होती आणि नव्या तहसीलदारांना वाटे, जनावराला काही रोग झाला आहे.

दोरा वळायचं काम भाभींचं. मास्तरांच्या घरच्या म्हणून सारं गाव त्यांना भाभी म्हणे. दुकानाच्या मागेच घर; तिथल्या खोलीत बसून त्या काज-बटणं करत आणि तिथूनच दुकान चालवत. जीभ त्यांच्या कात्रीपेक्षा धारदार. मास्तरांनी नवा गळ बांधला की आधी दारातून आत दाखवायचा. त्या बघत आणि म्हणत, "हे माशाले नोका दाखवू जी. नवरदेवाच्या फेट्याले लावा." मग मास्तर मुकाट्याने गाठ सोडत.

आणि आता खरी गंमत सांगतो. टेलर कापड उरवतो आणि कातरण परत देत नाही, ही तक्रार तुम्हीही कुठेतरी केली असेलच. आमच्या मास्तरांबद्दलही ती होती. पण त्यांची चोरी घाटावर सगळ्यांच्या देखत उघडी पडे. कारण ती सगळी कातरण गळांना बांधली जायची! कोंबड्याच्या मानेचं एक पीस, आणि त्याच्या पोटाशी कुणाच्या तरी कापडाची इवलीशी चिंधी. याला ते 'नमुना' म्हणत, आणि प्रत्येक नमुन्याला ज्याचं कापड त्याचं नाव. काळा चमकदार नमुना म्हणजे तहसीलदार, कारण ती त्यांची शेरवानी. जांभळा म्हणजे पाटलीणबाई. खाकी म्हणजे आमचं जंगल खातं.

"आज तहसीलदारावर एक बी नाई आला," ते घाटावरून ओरडत. "पाटलीणबाईवर पाहा कसे तुटून पडून राह्यले!"

हे ऐकून आपण हसावं की कानावर हात ठेवावे, ते समजत नसे. पण गावाने ते हसून घेतलं होतं. हसून काय, लोकांना त्यात मान वाटायला लागला होता. किराणा दुकानाच्या शेठच्या नमुन्याला वर्षभर मासा लागला नाही, तर ते इतके खट्टू झाले की नवी बंडी शिवायला टाकताना म्हणाले, "मास्तर, या टायमाले जरा चमकीचं कापड घ्या."

अख्ख्या सिरोंच्यात ज्याच्या नावाचा नमुना नव्हता असा पांढरपेशा मी एकटा. मी जात्याच चिक्कू. नोकरीत कायम झाल्यावर मुलगी बघायला जायचं म्हणून करड्या सर्जचा कोट शिवून घेतला; आत पांढरं साटनचं अस्तर, कापड नागपूरचं. शिवून झाल्यावर चिंधी न् चिंधी परत मागून घेतली आणि गोधडीसाठी वर्ध्याला आईकडे पाठवून दिली.

"घ्या भाऊ," मास्तर पुडकं बांधून देत म्हणाले. राग नव्हता, वाईट वाटलं होतं. आतून भाभींचा आवाज आला, "जाऊ द्या न जी. त्याईचा कोट पाहून मासे भेऊन पळतीन." मुलीकडच्यांनी, खरं सांगायचं तर, कोट पसंत केला, मला नाही.

तरी मास्तरांची आणि माझी गट्टी जमली, कारण कचेरी सुटल्यावर मला दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी मला दोरा फेकायला शिकवायचा प्रयत्न केला. मी बांबू मागे नेला, जोर लावून पुढे आणला, आणि गळ माझ्याच कॉलरमध्ये अडकला. "मनगट, भाऊ, मनगट!" मास्तर कळवळून ओरडले. "फायलीवर शिक्का मारून राह्यले का तुमी? दोऱ्याले मागं जाऊ द्या. त्याचं मागचं काम झालं का तो आपणच सांगते. मग पुढं." ते स्वतः फेकत तेव्हा दोरा मागे सरळ व्हायचा, क्षणभर हवेत थांबायचा आणि पुढे जाऊन पाण्यावर असा पडायचा की नमुना सगळ्यांत शेवटी टेकावा. मी कितीदा पाहिलं असेल, दर वेळी माझा श्वास त्या दोऱ्याबरोबर थांबे.

वर्षातले काही दिवस मात्र मास्तरांचा बांबू कोपऱ्यातून हलत नसे. पाणी निवळल्यावर ढीवर आपली जाळी दुरुस्त करून घरात ठेवत आणि गंगम्माची, नदीच्या देवीची, पूजा होईपर्यंत नदीत उतरवत नसत. पूजेआधी जाळं नाही आणि कोळ्याचा पाय पाण्यात नाही, असा त्यांचा कडक नेम. नेमके हेच दिवस चेलव्यांच्या ऐन बहराचे. मास्तरांवर या नेमाचं बंधन नव्हतं, पण ते म्हणत, "त्याईचं जाळं बंद, तं आपला दोरा बंद. नदी त्याईची आहे भाऊ. आपण पाहुणे." समोर पाणी उकळल्यासारखं फुटफुटत असे आणि मास्तर नदीकडे पाठ करून मशीन चालवत. ते दिवस त्यांना फार जड जात. भाभी त्यांना चिडवून घेत तेवढीच करमणूक.

अशाच एका वर्षी, पूजेला दहाएक दिवस राहिले असताना, भाभी आजारी पडल्या. हिवताप. थंडी वाजून यायची, अंग भट्टीसारखं तापायचं. सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरांनी औषध दिलं, ताप उतरला. पण अन्नावरची वासना उडाली ती उडालीच. भात तोंडाशी नेला की मान फिरवत. पेज दिली, दूध दिलं, पैलतीरी दिलेली मुलगी आली आणि तिने आंबट वरण करून बघितलं. भाभींचं एकच उत्तर, "माती लागते."

पाच दिवस असे गेले. मी दारातून डोकावलो तर खाटेवर पांघरुणाची नुसती घडी दिसली, आत माणूस आहे असं वाटेना. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताप आता नाही. पण पोटात अन्न गेलं नाही, तर ही बाई आणखी चार दिवसही काढायची नाही." मला ते मास्तरांना सांगायचं धैर्य झालं नाही. सांगावं लागलंही नाही. ते दुकानात मशीनसमोर बसले होते, सुईखाली कापड नव्हतं, आणि खिडकीबाहेर सुरय ओरडत होते तरी त्यांची मान वळली नाही.

सहाव्या दिवशी दुपारी भाभींनी हाक मारली. मास्तर आत गेले आणि लगेच बाहेर आले. "भाऊ," ते माझा दंड धरून म्हणाले, "चेलवे भेटतीन का म्हणते. आपल्या तोंडानं म्हणते!"

भेटतील का! समोर नदीत हजारोंनी होते, आणि गावात एकाही घरी एक मासा नव्हता. दुसरा कुणी असता तर बांबू उचलून धावला असता. मास्तर आधी ढिवरांच्या वस्तीत गेले. मीही मागोमाग गेलो. त्या दिवशी कचेरीत मोठे साहेब आले होते म्हणून तो कोट अंगात होता आणि मी उकडून निघालो होतो.

ढिवरांचा म्होरक्या मल्लय्या. सगळे त्याला ताता, म्हणजे तेलुगूत आजोबा, म्हणायचे. तो अंगणात जाळ्याला शिशाचे मणी ओवत होता. मास्तरांनी सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "ताता, तुमी नाई म्हणलं तं मी दोरा नाई टाकत. पण बाई चालली माझी."

ताताने हातातला मणी ओवून पुरा केला. मग जाळं बाजूला ठेवून त्याने मोठ्या न्यायाधीशासारखा निकाल दिला. "जाळं वद्दु, नाई टाकायचं. पाय बी वद्दु. दोऱ्याचं गंगम्मानं काई सांगितलं नाई. तू खडकावर उभा राह्य, पाय कोरडा ठेव. अन् बाईपुरतेच घे. एक थाळी. त्याच्यावर एक नाई."

मास्तरांनी त्याचे हात धरले. ताता स्वतः उठून आमच्याबरोबर निघाला. निकाल पाळला जातो की नाही हे त्याला बघायचं होतं, आणि खरं म्हणजे त्यालाही राहवत नव्हतं.

घाटावर येऊन बघतो तर खरी अडचण समोर उभी. मास्तर नेहमी गुडघाभर पाण्यात जाऊन फेकत. आज कोरड्या खडकावरून फेकायचं होतं आणि थवा धारेच्या कडेला, नेहमीच्या फेकीच्या दुप्पट लांब. मास्तरांनी दुकानातून भाभींनी वळून ठेवलेला दुसरा दोरा आणला आणि पहिल्याला जोडला. गाठीवर मेण घासलं. गाठ एका झटक्यात बसली.

पहिला नमुना तहसीलदार. दोरा मागे गेला आणि घाटावरच्या करंजाच्या फांदीत अडकला. मी झाडावर चढलो. कोट घालून, साहेब कचेरीत असताना! दुसऱ्या वेळी दोरा पुढे गेला आणि थव्याच्या दहा हात अलीकडे पडला. तिसऱ्या वेळी सहा हात. एव्हाना घाटावर पंचवीस-तीस माणसं जमली होती आणि प्रत्येक फेकीबरोबर सगळ्यांच्या माना मागे जात होत्या, पुढे येत होत्या. मास्तर खडकाच्या अगदी टोकाला सरकले. "पाय!" ताता गरजला. मास्तर वीतभर मागे आले. मग वारा मागून सुटला, ते थांबले, दोऱ्याला मागे पूर्ण सरळ होऊ दिलं, आणि फेकला. नमुना थव्याच्या मधोमध जाऊन टेकला!

आणि एकही चेलवा त्याच्याकडे फिरकला नाही.

तहसीलदार गेला, पाटलीणबाई लावली. खाकी लावला. शेठची चमकीची बंडी लावली. मासे नमुन्याच्या आजूबाजूला उड्या मारत होते, त्याला शिवत नव्हते. सूर्य पैलतीरावरच्या झाडांकडे कलायला लागला. मास्तरांच्या मुलीने घरातून निरोप पाठवला की अम्मा विचारते आहे. मास्तरांनी तो ऐकून न ऐकल्यासारखा केला. मला त्यांच्याकडे बघवेना.

मग ते एकाएकी खाली बसले आणि खडकावरून काहीतरी चिमटीत उचललं. बारका किडा होता, दिव्यावर येतात तसला. पंख दुधासारखे पांढरे, पण उन्हात धरले की झळाळणारे. "हे खाऊन राह्यले ते," मास्तर पुटपुटले. त्यांनी चिंध्यांची पिशवी खडकावर उपडी केली. "खादी जाड होते. लठ्ठ्याले चमक नाई. मलमल भिजली का मेली." बगळ्याचं पीस किड्याशेजारी धरून बघितलं आणि टाकून दिलं. मग त्यांची नजर वर आली. मी उकाड्याने कोटाची बटणं सोडली होती आणि वाऱ्याने कोटाची एक बाजू उलटली होती. आत साटनचं अस्तर झळाळत होतं.

त्यांनी नजर लगेच खाली वळवली. एवढ्या अडचणीतही त्या माणसाने तोंड उघडून मागितलं नाही, आणि त्या क्षणी मला स्वतःची इतकी लाज वाटली की आजही आठवलं की कानशिलं तापतात. चिंध्यांचं पुडकं परत घेणारा मी! कोट काढला, त्यांच्या खिशातली कात्री ओढून घेतली आणि अस्तरात घातली. "वीतभर घेऊ का हातभर?" मी विचारलं.

"अजी, बोटभर पुरे!" मास्तर ओरडले. "पूरा कोट कापता का भाऊ?"

सुईचा गळ, बगळ्याच्या पिसाचे दोन केस, आणि साटनचा तांदळाएवढा तुकडा. गाठ मारायला दातांचा उपयोग करत त्यांनी नमुना बांधला. सवयीने तो दाखवायला घराच्या दिशेने हात उचलला आणि तसाच खाली घेतला. उभे राहिले. दोरा मागे गेला. दोरा पुढे गेला, पाण्यावर निजला, आणि शेवटी तो पांढरा ठिपका टेकला न टेकला तोच पाणी फुटलं!

"लागला!" मी किंचाळलो. मीच काय, सगळा घाट किंचाळला. मास्तर मात्र एकदम शांत झाले. चाळीस हातांवरून मासा ओढायचा आणि दोरा एकदाही सैल पडू द्यायचा नाही. त्यांनी बांबू काखेत दाबला आणि मशीनवर रीळ भरावं त्या सफाईने दोरा कोपराभोवती गुंडाळायला घेतला. मासा काठाशी आला, चंदेरी कूस दिसली, आणि सुटला. ताताने तेलुगूत एक शिवी हासडली. दुसरा लागला, खडकावर आला, माझ्या टोपीत पडला. तिसरा आला. मग थव्याला जणू वेड लागलं; नमुना पडायच्या आधीच मासे वर उडी घेत होते. किराण्याचे शेठ टाळ्या वाजवत होते, तहसील कचेरीचा शिपाई नाचत होता, मी टोपी दोन्ही हातांनी धरून देवाचं नाव घेत होतो. चौथा! पाचवा!

पाचवा टोपीत पडला आणि मास्तरांनी बांबू खाली ठेवला.

थवा तिथेच होता. ऊन होतं, वारा मागचा होता, आयुष्यात पहिल्यांदाच इतक्या लांब दोरा जात होता, आणि हा मनुष्य थांबला. "थाळी झाली, ताता," ते म्हणाले. मल्लय्याने टोपीत वाकून पाहिलं आणि मान हलवली. मास्तर माझी टोपी घेऊन घराकडे पळत सुटले.

आम्ही घाटावरच बसून राहिलो. कुणी घरी जाईना. मासे साफ करायचे, तांदळाचं पीठ लावायचं, तळायचे. किती वेळ लागणार, याचा प्रत्येकजण मनात हिशेब करत होता. तळणीचा वास आला. मग बराच वेळ काहीच नाही. दुकानाच्या बंद दाराकडे बघत बसलेली तीस माणसं, आणि त्यांतल्या निम्म्यांना भाभींनी कधी ना कधी चांगलं फैलावर घेतलेलं. शेठ हळूच म्हणाले, "उलटी नोको व्हायले."

दार उघडलं. मास्तर पायऱ्यांवर आले. चेहरा रडवेला होता.

"दोन खाल्ले," ते म्हणाले. "भातासंग. अन् म्हणते..." मल्लय्या उठून उभा राहिला. "अन् म्हणते, मीठ कमी आहे! पोरीले बोलून राह्यली, एवढी मोठी झाली, मीठ टाकता येत नाई का म्हणून. मातीत मीठ कोणाले समजते का भाऊ? तिले चव आली! बोलून राह्यली ते, आयका, बोलून राह्यली!"

आणि खरंच, आतून भाभींचा बारीक, अशक्त, पण अस्सल चिडका आवाज येत होता. तो आवाज ऐकून घाटावर जो गलका झाला तो मी कधी विसरणार नाही. मल्लय्या डोळे पुसत होता. मी कोट उलटा घातला होता हे मला घरी गेल्यावर कळलं.

दिवाळीपर्यंत भाभी काज-बटणं करायला बसल्या. माझ्या कोटाचं अस्तर त्यांनी स्वतः सांधून दिलं, आणि सांधताना मला दहा गोष्टी सुनावल्या. नमुन्याला 'कारकूनभाऊ' नाव पडलं. पुढे दोन-तीन वर्षं घाटावरून हाक येई, "कारकूनभाऊवर सात आले!" आणि कचेरीत फायलीमागे बसून मी उगीचच छाती फुगवत असे.

मग माझी बदली आलापल्लीला झाली. लांब नव्हतं, पण जाणं होत गेलं नाही. नोकरी, लग्न, पुढच्या बदल्या. तुमचंही असंच कुणाकुणाबाबत झालं असेल. एकदा सिरोंच्याकडचा एक वनरक्षक कचेरीच्या टपालाची पिशवी घेऊन आला. मी सहज मास्तरांची चौकशी केली. तो म्हणाला, "ते गेले न भाऊ. लय दिवस झाले. मशीनवर बसल्या बसल्याच गेले." मी हातातला कागद खाली ठेवला. खिडकीबाहेर सागाची झाडं होती, नदी नव्हती.

मग मी विचारलं, "आणि भाभी?"

"पल्याड पोरीकडे राह्यते. तब्येत चांगली आहे."

"नीट जेवतात ना?"

वनरक्षक पिशवीची दोरी सोडत होता. त्याने मान वर न करताच सांगितलं, "जेवते न भाऊ. सारं खाते. मासे तेवढे सोडले तिनं."